थकलेले पहारेकरी आणि माझा लिम्फोमा

"हॉजकिन लिम्फोमा परत आलाय," पेट स्कॅन बघून डॉक्टर म्हणाल्या.

लिम्फोमा म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींतच सुरू होणारा कर्करोग. पहिल्या खेपेला केमो संपवून मी चाकणच्या कंपनीत पुन्हा रुजू झाले होते. मग अंगाला खाज सुटू लागली, काखेत गाठ हाताला लागली.

प्रतिकारशक्ती वाढव, असं जो तो सांगायचा. सासूबाई गुळवेलीचा काढा द्यायच्या, मी मुकाट्याने प्यायचे. तरी गाठी परतल्या. इतरांची शरीरं लढतात, माझंच कसं लढत नाही, या विचाराने मी आरशात बघणंही सोडलं होतं.

सासूबाई पिंपळे गुरवच्या जुन्या शेतकरी घरातल्या. मनात आलेलं पोटात ठेवत नाहीत. त्यांनी डॉक्टरांना थेट विचारलं, "पोरीच्या अंगात ताकदच न्हाई व्हय?"

"ताकद आहे, आजी," डॉक्टर म्हणाल्या. "टी सेल म्हणजे शरीराचे पहारेकरी. ते गाठीत गर्दी करून उभे आहेत. पण कर्करोगाची पेशी त्यांचा ब्रेक दाबून धरते. चोर समोर असून त्यांचा हात उठत नाही. असं फार दिवस चाललं की ते थकतात. त्याला टी सेल एक्झॉशन म्हणतात. काढ्याने हे सुटत नाही."

परतताना रिक्षात सासूबाई माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "म्हंजी तुजं काय बी चुकलं न्हाई."

मी बाहेर बघत रडले.

इम्युनोथेरपी सुरू झाली. हे औषध सलाईनमधून देतात. ते तो ब्रेक सोडवतं. गाठी आक्रसल्या. पण पुढे मला सतत थंडी वाजू लागली, जिना चढवेना. आजार उलटला म्हणून मी घाबरले. निघालं थायरॉइड, गळ्यातली ती ग्रंथी मंदावली होती. मोकळे सुटलेले पहारेकरी कधी घरच्यांवरही हात टाकतात, असं डॉक्टरांनी समजावलं. आता रोज सकाळी एक गोळी घेते. हे औषध चालू असेल तर खोकला, जुलाब, थकवा, काहीही अंगावर काढू नका, लगेच डॉक्टरांना सांगा.

शेवटच्या स्कॅनमध्ये गाठी दिसल्या नाहीत. "बघत राहू," एवढंच डॉक्टर म्हणाल्या. मला तेवढं पुरतं. आजारात मी स्वतःच्या अंगाशी अबोला धरला होता. ते बिचारं आत सगळा वेळ माझ्याच बाजूने उभं होतं.