छाती जळते म्हणणाऱ्यांचा डॉक्टर

डॉक्टर गेल्याची बातमी आली तेव्हा मी हिरड्याचा भाव करत होतो. पोंभुर्ण्याच्या माझ्या गोदामात समोर चामोर्शीचा एक व्यापारी बसला होता. दोघंही उठून जायच्या बेतात होतो, म्हणजे सौदा आता जुळणार होता. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. ऐकून झाल्यावर तो म्हणाला, "भाऊ, तुमचे होमिओपॅथीचे डॉक्टर गेले म्हणून राह्यले." मला वाटलं, भाव मोडायची युक्ती आहे. अशा युक्त्या मी स्वतः केलेल्या आहेत. मी म्हणालो, "आधी भाव सांग." त्यानं भाव सांगितला नाही. फोन पालथा ठेवला आणि जमिनीकडे पाहत बसला. तेव्हा मी उठलो.

आता काही आठवडे झाले आहेत. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहायचं असतं, आणि युसूफबद्दल चांगलं लिहिण्यासारखं पुष्कळ आहे. पण माझी त्याच्याबद्दल एक तक्रारही आहे. तो असता तर त्याच्या तोंडावर केली असती, आणि त्यानं चष्मा पुसत ती ऐकली असती. तो नाही म्हणून इथं लिहितो आहे.

युसूफच्या वडिलांचं बाजारात बांगड्यांचं दुकान होतं. मुलगा होमिओपॅथीचा डॉक्टर होऊन आला तेव्हा त्यानं दुकान मोडलं नाही, त्याचाच दवाखाना केला. ज्या काचेच्या कपाटांत बांगड्या लटकायच्या त्यांत औषधांच्या छोट्या बाटल्या उभ्या राहिल्या. गावातल्या बाया पुढची कितीतरी वर्षं "बांगड्यावाल्याकडून गोळ्या आणल्या" असंच म्हणायच्या, आणि त्याला त्याचं काही वाटायचं नाही. मी त्याच्याकडे गेलो तो छाती जळते म्हणून. मी सायकलवर मोहफुलाची पोती वाहून धंदा सुरू केलेला माणूस. सकाळी उपाशीपोटी चहा, दुपारी मिळेल तिथे तिखट, संध्याकाळी भांडण, आणि जेवण झोपायच्या तोंडावर. पाठ टेकली की घशापर्यंत आंबट पाणी यायचं. दुकानातून आणलेल्या गोळ्या चघळून चघळून जिभेला खडूची चव आली होती. शेवटी बायकोनंच ओढून नेलं.

मला वाटलं होतं, दोन मिनिटांत पुडी घेऊन निघू. तो मात्र विचारतच बसला. तहान किती लागते, घोट घोट पिता की लोटाभर, गोड आवडते की आंबट, थंडी सोसते की नाही, झोपेत कोणत्या कुशीवर असता. मी वैतागून म्हणालो, "डॉक्टर, मी मोहफुलाचा भाव विचारला तर कोणी मले मोहाच्या झाडाची जन्मपत्री सांगते का?" तो हसला नाही. पुढचा प्रश्न विचारला, "राग आला का बोलता, का गिळता?" मी तोंड उघडायच्या आत बायको म्हणाली, "गिळतील कशाले? पूर्ण मोहल्ला ऐकते." त्यानं ते लिहून घेतलं.

आणि एवढं सगळं विचारून औषध दिलंच नाही. म्हणाला, "आधी ईसीजी काढून आणा. मग गोळ्या."

"मी ॲसिडिटीचा पेशंट आहो, हार्टचा नाई."

"ते तुमच्या छातीले माहीत आहे का?"

"त्या ईसीजीवाल्याशी तुमचं कमिशन आहे वाटते."

"आहे. कागद साफ निघाला का मले झोप लागते."

हा त्याचा नेम होता. चाळिशीच्या पुढचा कोणीही छाती जळते म्हणत आला की आधी हृदय पाहायचं आणि मगच आम्लपित्ताचं औषध द्यायचं. सुरुवातीला कोणा एका पेशंटच्या बाबतीत काही झालं होतं म्हणतात. त्यानं ते कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. या नेमापायी त्याचे कितीतरी पेशंट दुसरीकडे गेले, कारण गोळ्या घ्यायला आलेल्या माणसाला चंद्रपूरची बस दाखवली तर तो पुन्हा कशाला येईल? मी त्याला धंद्याच्या दृष्टीनं हे समजावलं. तो म्हणाला, "तुझं खरं आहे." आणि नेम तसाच ठेवला. तोवर आम्ही एकेरीवर आलो होतो. माझा कागद साफ निघाला होता आणि त्याच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या.

होमिओपॅथीवाले औषधाचं नाव सांगत नाहीत. साबुदाण्याएवढ्या गोळ्या, सगळ्यांच्या सारख्याच पांढऱ्या, सगळ्यांच्या सारख्याच गोड. नाव माहीत नसलेला माल मी आयुष्यात घेतलेला नाही, त्यामुळे हे मला फार लागायचं. वर्षभर मागे लागलो तेव्हा एकदा त्यानं सांगितलं... नक्स व्होमिका. म्हणजे काय, तर कुचला. आमच्या जंगलातला काजरा, त्याच्या चपट्या बिया. त्या बिया मी पोत्यानं विकत होतो. मी उसळलोच. माझाच माल मला थेंबाथेंबानं परत मिळत होता, आणि तोही नाव लपवून. म्हणालो, "अरे, एका पोत्यात आख्खा तालुका बरा होईल."

"एका पोत्यात आख्खा तालुका मरेल," तो म्हणाला. "जहर आहे ते. म्हणून तर थेंबाचा थेंब करावा लागते."

मग त्यानं पुस्तकातलं वाचून दाखवलं. कुचला कोणत्या माणसाला लागू पडतो, तर जो सतत धंद्याच्या विचारात असतो, तिखट खातो, चहा फार पितो, कमी झोपतो, लवकर भडकतो आणि दुसऱ्याचं ऐकत नाही. मी विचारलं, हे पुस्तक माझ्या बायकोनं लिहिलं का. त्या दिवशी पहिल्यांदा त्याला मोठ्यानं हसताना पाहिलं. इतरांना वेगळं द्यायचा. तळलेलं खाऊन जळजळ होणाऱ्याला पल्सेटिला, ढेकर अडून पोट फुगणाऱ्याला कार्बो व्हेज. पण सगळ्यांना बजावून सांगायचा ते एकच होतं. रात्रीचं जेवण लवकर, चहा कमी, डाव्या कुशीवर झोप, आणि खाटेच्या उशाकडच्या पायांखाली विटा. माझी जळजळ थांबली. ती कुचल्यानं थांबली, चहा सुटल्यानं थांबली की विटांनी, याचा हिशेब मी अजून लावलेला नाही. त्याला विचारलं तर म्हणायचा, "तुले बरं वाटते ना? मग कोणाले श्रेय देऊन राह्यला?"

महाशिवरात्रीला मार्कंड्याची जत्रा भरते. देवळाकडे जाणाऱ्या वाटेवर एका झाडाखाली युसूफ दरवर्षी औषधांची पेटी घेऊन बसायचा. ती जागा त्याच्या वडिलांची. ते तिथे बांगड्या विकायचे. जत्रेतल्या जागेला कागद नसतो. दरवर्षी येऊन बसतो त्याची ती जागा. एक वर्ष रिकामी राहिली की पुढच्या वर्षी तिथे दुसऱ्याची ताडपत्री. हे मला कोणी समजावून सांगायची गरज नाही. बाजारात मी अशाच जागेसाठी हातघाईवर आलेलो आहे. बांगड्या सुटल्या तरी युसूफनं जागा सोडली नाही. आणि त्या दिवशी त्याच्या औषधाला गिऱ्हाईकही असायचं. दिवसभराचा उपास, त्यात साबुदाणा, शेंगदाणे, तळलेले बटाटे, आणि वैनगंगेच्या वाळूतलं ऊन. दुपारपासून लोक पोट धरून यायचे. एक म्हातारी दरवर्षी यायची आणि दरवर्षी विचारायची, "बाबू, हे गोळी खाल्ल्यानं उपास मोडत नाई ना?" तो दरवर्षी सांगायचा, "नाई मोडत, बाई. देवाले मी सांगून ठेवलं आहे." मुसलमान डॉक्टरनं मार्कंडदेवाला काय सांगून ठेवलं असेल, हे तिनं कधी विचारलं नाही.

यंदाही मीच त्याला माझ्या जीपनं नेलं. परत येताना पूल ओलांडला आणि तो छाती चोळू लागला. पेटीतून बाटली काढून जिभेवर थेंब टाकले.

"काय झालं?"

"काई नाई. दिवसभर चहा झाला. जळजळ आहे."

"ईसीजी?"

"काढला. जत्रेच्या पहिलेच काढला. साफ आहे."

"दाखव."

"इथी जीपमधी घेऊन फिरू का?"

त्यानं खिडकीबाहेर पाहिलं. माल दाखवताना माणूस दुसरीकडे पाहायला लागला की काय समजायचं, ते मला कळतं. मला वाटलं, हा खोटं बोलतो आहे. म्हटलं, उद्या सकाळी याच्या दवाखान्यात जाऊन कागद पाहू. सकाळी हिरडा आला. त्याच्या दुसऱ्या दिवशीही हिरडा होता. मग तो चामोर्शीचा व्यापारी आला, आणि त्याचा फोन वाजला... युसूफनं सकाळी घरी सांगितलं होतं, जळजळ आहे. थेंब घेतले आणि जरा पडतो म्हणाला. तेवढंच. असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहराच्या नमाजानंतर त्याला दफन केलं. मी खांदा दिला, माती टाकली, आणि सगळा वेळ मनात एकच होतं, की ज्या माणसानं मला चंद्रपूरच्या बसमध्ये बसवलं तो स्वतः गेला नाही आणि वर माझ्याशी खोटं बोलला. बाजारात लोक वेगळंच बोलत होते, की डॉक्टरचे थेंब डॉक्टरलाच कामी आले नाहीत. त्यांच्याशी मी भांडलो. पण माझं स्वतःचं भांडण त्याच्याशीच होतं.

काही दिवसांनी त्याच्या घरी गेलो. त्याची बायको, शमीमभाभी, इद्दतमध्ये होत्या, म्हणजे नवरा गेल्यावरच्या एकांतात, त्यामुळे बाहेर येणार नव्हत्या. मी पुढच्या खोलीत बसलो, त्या आतल्या खोलीच्या पडद्यामागे. मुलगी नसरीन उंबऱ्याशी उभी राहिली. तीही होमिओपॅथी शिकलेली, वडिलांबरोबरच दवाखान्यात बसायची. इकडचं तिकडचं बोलणं मला जमत नाही. म्हणालो, "भाभी, राग मानू नका. पण तुमचा माणूस माझ्याशी खोटं बोलला."

पडद्यामागून त्या म्हणाल्या, "नाई भाऊ. खोटं नाई बोलले. ईसीजी काढला होता. साफच होता."

"मग?"

"चंद्रपूरच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, एवढ्यावर जाऊ नका. नागपूरले जाऊन ते पट्ट्यावर चालवून पाहतात ना, ते करून घ्या. आजच निघा म्हणाले. हे म्हणाले, जत्रा होऊ द्या."

मी विचारलं, हे मला का नाही सांगितलं.

"मी म्हटलं होतं, बंडूभाऊले सांगा. तर म्हणाले, त्याले सांगितलं तर तो मले विचारणार नाई. जीपमधी घालून सरळ नागपूरले नेईल. मग जागा जाईल."

नेलंच असतं. त्यात शंका नाही.

तर ही माझी तक्रार आहे. तो खोटं बोलला असता तर मी कधीतरी माफ केलं असतं. खोटं बोलणारे मला रोज भेटतात. पण त्यानं मला खरं सांगितलं, आणि अर्धंच सांगितलं. पोत्याच्या तोंडाशी चांगला माल ठेवून दाखवावा तसं. ही विद्या व्यापाऱ्याची, डॉक्टरची नव्हे, आणि ती त्यानं बाकी कोणावर न वापरता माझ्यावर वापरली. मला ओळखून, माझ्या रागाचा अंदाज घेऊन. माझा राग किती, हे त्याच्या बायकोला सांगण्याइतकं त्याला पक्कं माहीत होतं. पुस्तकात लिहिल्याप्रमाणे.

मोहफुलाचा हंगाम सुरू झाला आणि माझी छाती पुन्हा जळू लागली. दवाखाना उघडला होता, नसरीन वडिलांच्या खुर्चीत बसत होती. मी जाऊन समोर बसलो. म्हणालो, नेहमीच्या गोळ्या दे. तिनं विचारलं, "काका, ईसीजी?"

"काढला. मागच्या आठवड्यात. साफ आहे."

माझं वाक्य संपेपर्यंत ती बाटली हातात घेऊन होती. ती तिनं टेबलावर ठेवली.

"आणि डॉक्टरनं आणखी काय सांगितलं?"

या दवाखान्यात हा प्रश्न मी कधी ऐकला नव्हता. नंतर कळलं, आता ती तो सगळ्यांना विचारते. मी म्हणालो, काही विशेष नाही. ती पाहत राहिली. शेवटी मी म्हणालो, "नागपूरले एकदा चालवून पाहा म्हणाला. हंगाम संपला का जातो."

"उद्या."

"पोरी, माल येऊन राह्यला. पंधरा दिवस दे."

"उद्या, काका."

"आठ दिवस."

"उद्या."

मी उठून दारापर्यंत गेलो. भाव ठरतो तो दारात. कोणीही असो, मी दारात पोचलो की मागून हाक येते. तिनं हाक मारली नाही. मी वळून पाहिलं तर ती पुढच्या पेशंटला आत बोलवत होती.

दुसऱ्या दिवशी मी नागपूरला गेलो.