खोकला येईपर्यंत

माझ्या भाच्याचं कृषी केंद्र आमच्या गावच्या चौकात आहे. नागभीडहून येणारी बस तिथेच थांबते, त्यामुळे गिऱ्हाईक नसलं तरी माणसं असतात. कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झाल्यापासून मी दुपारनंतर तिथे एका खुर्चीवर बसतो. भाचा मामा म्हणतो म्हणून सगळा चौक मला मामा म्हणतो. पुस्तकांच्या कपाटांजवळ माणसं गप्प बसत. खतांच्या पोत्यांजवळ ती बोलतात, आणि बरंचसं खोटं बोलतात. मला तरी ही बदली मानवली.

रानडुकरं पळवणारं यंत्र आलं, तेव्हा कंपनीचा प्रतिनिधी टाय बांधून आला होता. त्यानं नारळ फोडला, फीत कापली आणि यंत्राचं नाव सांगितलं: ध्वनी-आधारित पीक संरक्षण प्रणाली. एक डबा, एक भोंगा, वर सौर पट्टी आणि आतल्या कार्डावर एक ओरडणारा माणूस. आमच्याकडे शेतकरी हेच काम मचाणावर बसून स्वतः करायचा, आणि त्याला जागली म्हणत. प्रणाली म्हटल्यावर हप्ते पडतात, एवढाच फरक.

प्रतिनिधीनं कळ दाबली. "भागो! भागो!" असं कोणीतरी शहरी हिंदीत ओरडलं.

"आमच्या डुकराले हिंदी समजत नाई जी," मागून एक जण म्हणाला.

"काका, जनावराला भाषा नसते."

"मंग इंग्रजीत ठेवा ना. भाव तं वाढन."

तरीही यंत्रं खपली, आणि ती का खपली हे मी खुर्चीवरून पाहिलं. हे यंत्र डुकराला मारत नाही, ते त्याला शेजाऱ्याच्या धानाच्या बांधीत पाठवतं. त्यामुळे जाहिरातीची गरज नव्हती. एका शेतकऱ्याला विकलं की त्याच्या शेताच्या धुऱ्याला लागून असलेले सगळे आठवड्याभरात दुकानात यायचे, आणि यंत्र घ्यायला आलो असं न म्हणता शेजाऱ्याला शिव्या घालायचे.

एका हंगामात डुकरं हिंदीला सरावली. भोंग्याखाली बसून धान खाऊ लागली. तेव्हा भाच्यानं ठरवलं, की कार्डात गावातला आवाज भरायचा.

आवाज कोणाचा, यावर वाद झालाच नाही. आमच्या तलावावर मासे धरणारा एक जण आहे. तो या काठावर उभा राहून हाक मारायचा, ती पलीकडच्या काठावरच्या माणसाला शेजारी उभं राहिल्यासारखी ऐकू जायची. एरवी बोलायला अगदी कमी. त्याची बायको संध्याकाळी आमच्या दुकानासमोर टोपली आणि पावशी, म्हणजे विळी, घेऊन मासे चिरून विकते. घरातलं सगळं बोलणं तिच्याच वाट्याला आलेलं.

भाच्यानं त्याला तलावाच्या पाळीवर उभं केलं, मोबाईल समोर धरला आणि म्हणाला, "मारा हाक."

"कोनाले मारू जी? समोर कोनी तं पायजे."

"डुकराले मारा."

"डुकराले हाक मारून बोलावते का कोनी?"

शेवटी बायकोला पलीकडच्या काठावर पाठवलं. ती तिथे पोचून कमरेवर हात ठेवून उभी राहिली, आणि मग त्यानं हाक मारली. होऽऽ. होऽऽ. होऽऽ. तिसऱ्या हाकेनंतर त्याला खोकला आला. पलीकडून बायकोनं ओ दिली. दुकानात आल्यावर भाच्यानं ते रेकॉर्डिंग कापलं. त्या कापाकापीत बायकोची ओ गेली आणि खोकला राहिला. खोकला काढायला भाचा पुन्हा बसणार होता, पण पहिल्याच गिऱ्हाइकानं अडवलं. "राहू द्या. हाक तं मशीनबी मारते. खोकलते तो मानूस." डुकरांचंही तेच मत असावं, कारण ती पळाली.

भाच्याचा धंदा मात्र फार चालला नाही. कार्डाची नक्कल मोबाईलच्या दुकानात चहाच्या किमतीत होत होती. पुढच्या हंगामात गोंडपिपरीहून आलेला एक पाहुणा म्हणाला, की तुमच्या गावचा माणूस आमच्याकडे ओरडतो. एका ट्रकवाल्यानं तर सिरोंच्याकडे मिरचीच्या शेतात तो ऐकला होता. तिकडची डुकरं तेलुगू ऐकून वाढलेली, पण त्यांनी काही तक्रार केली नाही.

गावात आता दिवस बुडला, की चारी बाजूंनी एकच माणूस हाका मारायचा. तीन हाका, खोकला, मग शांतता. मग दुसऱ्या शेतातून पुन्हा त्याच्याच तीन हाका, खोकला. लोकांनी त्याची मस्करी केली.

"काऊन भाऊ, काल माह्या वावरात लय वरडून राह्यला होता. घरी येऊन चाय तरी पेऊन जाचा ना."

"चाय मशीनले पाजा," तो म्हणायचा. "मी घरी भात खाऊन राह्यलो होतो."

"घरी असले का तोंडातून शब्द नाई निंगत," बायको पावशीवरून न उठता म्हणायची. "अन् वावरात पाहा, तोंड बंदच होत नाई."

एकदा संध्याकाळी तलावावरून परत येताना तो माझ्यासोबत होता. वाघ फिरत असला की आम्ही जोडीनं चालतो. वाटेत डावीकडच्या बांधीतून त्याची हाक आली. मग उजवीकडून. मग लांब जंगलाच्या कडेनं, जिथे कोणाचं शेत आहे हे मला आठवेना. आणि तो माझ्या शेजारी तोंड मिटून चालत होता. मी दोनदा त्याच्याकडे वळून पाहिलं. हाक आली की त्याचा गळा किंचित हलायचा.

"मामा," तो म्हणाला, "मी मेलो तं हे बंद करन का कोनी?"

"कार्ड खराब होईपर्यंत नाही."

"लवकर होते का खराब?"

"माणसापेक्षा उशिरा."

मी गमतीनं म्हटलं होतं. तो हसला नाही.

आणखी एक गोष्ट हळूहळू बदलली होती, ती तेव्हा कोणाच्या ध्यानात आली नव्हती. पूर्वी शेतातून हाक आली की पुढच्या शेतातला ओ द्यायचा. त्याची ओ ऐकून त्याच्या पुढचा द्यायचा, आणि कोण कुठे आहे हे सगळ्या शिवाराला कळायचं. भुताची भीती बाळगणारे पहिल्या हाकेला गप्प राहत, कारण माणूस असेल तर तो पुन्हा हाक मारतोच. आता यंत्र पुन्हा पुन्हा हाक मारत होतं. त्याला ओ काय द्यायची? मग कोणालाच द्यायची सवय राहिली नाही.

धान कापायला आलं होतं, त्या दिवसांतली गोष्ट. संध्याकाळची बस येऊन गेली होती. तलावाच्या बाजूनं हाका चालू झाल्या. त्या नेहमीपेक्षा जास्त होत्या. होऽऽ, होऽऽ, होऽऽ, आणि थांबायच्या जागी पुन्हा होऽऽ.

"भाऊ आज जोरात हाय," कोणीतरी चहा पिता पिता म्हणालं.

"कार्ड अटकलं वाट्टे," भाचा म्हणाला. "उद्या पाहाले लागते."

समोर मासेवाल्याच्या बायकोनं मासा पावशीवर धरला होता. तो तसाच राहिला. हात हलेना. मान थोडी तिरपी झाली. गिऱ्हाईक म्हणालं, "बाई, चिरा ना लवकर." तिनं त्याच्याकडे पाहिलंच नाही.

"हा खोकलून नाई राह्यला," ती म्हणाली.

कोणाला कळलं नाही. तिनं पावशी आडवी केली आणि उठली. "मशीन खोकलते. हा खोकलून नाई राह्यला. तो हाय तो. तलावाच्या मोरीवरचं जाळं काढाले गेला होता."

मग कळलं, आणि सगळे एकदम उठले.

पंधरावीस माणसं बॅटऱ्या आणि काठ्या घेऊन पाळीवर पोचेपर्यंत अंधार पडला होता. तलावाकडच्या हाका थांबल्या होत्या. कोणीतरी पूर्ण ताकदीनं ओरडलं, "भाऊ, होऽऽ! कुठी हायस?"

लगेच उत्तर आलं. डाव्या हाताच्या शेतातून, त्याच्याच आवाजात. आम्ही तिकडे वळलो. खोकला आला. तेवढ्यात उजवीकडून हाक आली. मग मागून. आम्ही बोलावत होतो आणि तो सगळीकडून ओ देत होता, आणि प्रत्येक ओ नंतर खोकत होता. मी आयुष्यभर भुतांवरची पुस्तकं कपाटात लावली, त्यांतल्या एकाही भुताला एवढी शिस्त नव्हती. माझ्या शेजारचा धट्टाकट्टा माणूस माझी बाही धरून चालत होता, आणि त्यानं ती धरली आहे हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

"बंद करा सब!" बायको किंचाळली. "पयले त्याले बंद करा!"

माणसं शेतांत पळाली. एक भोंगा थांबला, मग दुसरा. तिसऱ्या यंत्राला मालकानं चोरांच्या भीतीनं कुलूप लावलं होतं, तर कोणीतरी तारच उपटली. लांबचे दोन-तीन उरले, तेही एकेक करून गप्प झाले. त्या हंगामात पहिल्यांदाच शिवारात आवाज नव्हता. धानाच्या लोंब्या एकमेकींना घासत होत्या, तेवढं ऐकू येत होतं.

मग पाण्यावर चापट वाजली. थोडा वेळ काही नाही. पुन्हा एक चापट.

मासे जाळ्याकडे हाकायला पाण्यावर तळहात मारतात, तशी. तो आवाज तलावाकाठच्या प्रत्येकाला ठाऊक आहे. सगळे पाणी सोडायच्या जुन्या दगडी मोरीकडे धावले.

जाळं मोरीत अडकलं होतं, ते सोडवायला तो उतरला होता, दगड सरकला आणि पाय आत धरला गेला. पाणी गळ्याशी. मोबाईल काठावर, सदऱ्याच्या खिशात. एका पायावर उभं राहून तो ओरडत राहिला होता, आणि त्याच्या हाका गावात पोचतही होत्या. आवाज संपल्यावर त्यानं हात वापरला. चार जणांनी पहारीनं दगड हलवला. त्याला वर काढल्यावर तो काहीतरी म्हणाला, पण नुसते ओठ हलले. बायकोनं वाकून ऐकलं.

"का म्हनते?" आम्ही विचारलं.

"म्हनते, ओ तं द्याची."

पाय महिन्याभरात सुधारला. आवाज मात्र परत आला नाही. बोलतो, पण सुपात काहीतरी पाखडल्यासारखा. डॉक्टर म्हणतात, येईल. तो म्हणतो, बाहेर एवढा पडला आहे, घरात कशाला हवा.

यंत्रं दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू झाली, कारण डुकरांना या प्रकरणाशी काही देणंघेणं नव्हतं. कार्ड बदलायचं कोणी बोललं नाही. बदललं ते गाव. संध्याकाळी पहिली हाक आली की चौकातलं बोलणं थांबतं. दुसरी येते, तिसरी येते. चहावाल्याची गाळणी कपावर तशीच. मग खोकला येतो आणि मग गाळणी हलते. घराघरांतही तसंच आहे म्हणतात, घास हातात असतो. रोज ऐकून सवय होईल असं मला वाटलं होतं. झाली, पण ती थांबण्याची झाली.

मागच्या महिन्यात कंपनीचा प्रतिनिधी नवीन यंत्र घेऊन आला. टाय तोच होता. त्या हाकेची कीर्ती कंपनीपर्यंत पोचली होती, कोणाच्या तरी नकलेवरून त्यांनी ती उचलली होती, आणि आता आमचाच माणूस आम्हाला विकायला आणला होता. तो माणूस त्या वेळी दुकानात युरियाच्या पोत्यावर बसला होता. प्रतिनिधीला हे ठाऊक नव्हतं, आणि कोणी सांगितलंही नाही.

"सर, आवाज पूर्ण स्वच्छ केलाय," तो मला म्हणाला. "खरखर, खोकला, काही काही ठेवलं नाही."

त्यानं कळ दाबली. दिवस बुडायच्या आधीच, चौकात, होऽऽ. होऽऽ. होऽऽ.

आणि मग काहीच नाही.

चहावाला थांबला. बसमध्ये चढणाऱ्या बाईनं पाय पायरीवर तसाच ठेवला. भाच्यानं काउंटरची कड धरली. समोर मासेवाल्याची बायको पावशी सोडून उभी राहिली होती. तिला नवरा पोत्यावर बसलेला दिसत होता, तरी ती तलावाच्या दिशेनं बघत होती.

"पाहिलं सर?" प्रतिनिधी खूश होऊन म्हणाला. "परिणाम पाहिला?"

पोत्यावरच्या माणसानं सगळ्यांकडे एकदा पाहिलं. मग तोंडावर मूठ धरली आणि खोकला. मुद्दाम, जेवढा त्या गळ्यातून निघेल तेवढा.

बस निघाली. चहा कपात पडला. बायको खाली बसली, मासा पुन्हा पावशीवर धरला आणि वर न पाहता म्हणाली, "ओ."