हौशाची लस, नवशाची सुई

सोमवारी सकाळी देवणीजवळच्या शेतातल्या आखाड्यावर, गोठ्यापुढे मी लसीची बाटली उजेडात धरली. आत तीस मिली. हवी होती चाळीस. समोर तिघे हजर: शेतकरी शिवलिंगअप्पा, त्यांचा बैल हौशा आणि जोडीदार नवशा.

हौशाच्या डाव्या शिंगात कर्करोग निघाला होता. शिंगाच्या आतल्या अस्तराचा; त्वचेच्या कर्करोगाचा भाऊबंदच. शिंग मी बुडातून काढलं. पण चार पेशी मागे राहिल्या, तर गाठ पुन्हा उगवते. म्हणून त्याच गाठीचा तुकडा लॅबमध्ये वाटून, औषधाने मारून लस केली. मेलेल्या पेशी टोचल्या की शरीराला शत्रूची ओळख पटते. मग तसली जिवंत पेशी दिसली की ते तुटून पडतं. हमखास नाही, पण करून बघण्यासारखं.

साठ मिली, सहा आठवडे, दर वेळी दहा. पहिला डोस मी दिला, दुसरा आमच्या जनावरांच्या दवाखान्यातल्या ड्रेसरने.

"अप्पा, दहा मिली कुठं गेली?"

"नवशाला दिली की."

"तो तर ठणठणीत आहे!"

"म्याडम, एकाला पेंड घातली की दुसऱ्याला घालतोच. एकाला टोचून राहिले अन् दुसरा नुसता बघतोय, लई वाईट दिसतं."

"आणि ड्रेसरनं ऐकलं?"

"त्याला म्हनलं, म्याडमनीच सांगितलंय."

मला हसू आलं, पण डोस सहाचे पाच झाले होते. "अप्पा, ही हौशाच्या गाठीची लस. त्यालाच उपयोगाची. नवशाला अपाय नाही, पण हौशाचा एक डोस गेला."

अप्पांनी हौशाच्या पाठीवर हात ठेवला. "म्हंजे म्याच याच्या तोंडचा घास काढला म्हना की."

गाठीचा बारा ग्रॅम तुकडा मी फ्रीजरमध्ये राखून ठेवला होता. घरी मसाल्याचा डबाही मी तळापर्यंत जाऊ देत नाही. त्या तुकड्यातून दहा मिली लस झाली. पुढचे चार आठवडे दोन सिरिंज नेल्या: हौशाला लस, नवशाला जीवनसत्त्वाचं इंजेक्शन. अप्पांना सांगूनच.

"चालतंय. सुई दोघांना लागली म्हंजे झालं."

पोळ्याला बोलावणं आलं. हौशाची जखम कोरडी, गाठीचा पत्ता नाही. एकुलतं शिंग लालभडक. नवशाची दोन्ही शिंगं शाबूत, पण रंग एकालाच.

"दुसरं का सोडलं, अप्पा?"

"हौशाला काय वाटंल?"

आता बैलाला लस द्यायची असली की मी आधी जोडीदाराची चौकशी करते. फी दोन बैलांची जमा झाली. दुसरी पावती अप्पांनी मागून घेतली, नवशाच्या नावाची.