कुंपणावरची कवळी

लंडनमधल्या आमच्या प्राचीन रानात सापडलेली वस्तू कोणी घरी नेत नाही, कुंपणाच्या टोकाला अडकवून ठेवतात. शेजारच्या विनिफ्रेडबाईंनी जन्मभर लोकांचे हातमोजे, टोप्या अशाच अडकवल्या आणि दर वेळी करवादल्या, "लोकांचं लक्ष असतं तरी कुठे!"

परवा रानातल्या कॅफेच्या बाकावर केक खाताना कवळीखाली कण गेला, म्हणून त्यांनी ती काढून कागदी रुमालात गुंडाळली. तेवढ्यात सुतारपक्षी ठकठकला. त्याला शोधत बाई उठल्या आणि कवळी बाकावरच राहिली.

घरी आल्यापासून तोंडावर हात धरून गप्प. कवळी हरवल्याचं कळताच नवऱ्याने, सेड्रिकने, संधी साधली. "तुझं लक्ष असतं तरी कुठे?"

तरीही उत्तर नाही. तेव्हा मात्र तो घाबरला आणि सकाळी मला हाक मारली.

आम्ही तिघं कवळी शोधायला रानात गेलो. स्वच्छतागृहाजवळच्या कुंपणावर एक लाल हातमोजा खोचलेला होता. खारींनी पळवू नये म्हणून कुणीतरी कवळी त्यात ठेवली होती. बाईंनी आत जाऊन ती धुतली, बसवली आणि बाहेर आल्या.

"हातमोजा तिरका खोचलाय! एवढंही धड जमत नाही लोकांना?"

"हुश्श!" सेड्रिक मला म्हणाला. "सापडली एकदाची माझी बायको."