नरेशच्या जीपची पुढची चाकं

गॅरेजशेजारी दुकान असलं की दोन गोष्टी आपोआप साठतात, भंगार आणि किस्से. भंगार निदान किलोवर जातं. किस्से कुणी उचलून नेत नाही, मग ते असे चहाबरोबर खपवावे लागतात!

कर्जत-खोपोली रस्त्यावर माझं स्पेअर पार्टचं दुकान आणि भिंतीला भिंत लावून बबनदादांचं गॅरेज. दादांचा उजवा हात म्हणजे नरेश. त्याचं लग्न ठरलं पळसदरीच्या पुढच्या डोंगरवाडीतल्या सुवर्णाशी. वाडीचा शेवटचा चढ कच्चा आणि चांगलाच उभा. पठ्ठ्यानं तिला फोनवर सांगून टाकलं, "मांडवात येईन तर सोताच्या जीपनं! चारी चाकं फिरवत!"

तोवर जीप घेतलीसुद्धा नव्हती!

* * *

घेतली रसायनीहून. जुनी, पण फोर-व्हीलवाली, म्हणजे दांडा ओढला की इंजिनाचा जोर चारही चाकांना. गॅरेजभर पेढे वाटले. मग फोर-व्हीलचा दांडा ओढला, तर मागची चाकं फिरतात आणि पुढची ढिम्म! नरेश गिअरबॉक्सला शिव्या घालत बसला. शेवटी बबनदादा गाडीखाली शिरले आणि तिथूनच ओरडले, "नऱ्या, पुढच्या चाकांकडं जानारा शाफ्टच नाय रं हितं!"

आधीच्या मालकानं डिझेल वाचवायला तो काढून टाकला होता. दिवसभर लोकांच्या गाड्यांखाली झोपणारा हा माणूस स्वतःची गाडी घेताना एकदाही वाकला नव्हता!

"रंग लय आवडला व्हता," नरेश म्हणाला.

"पोरगी तरी नीट बगितलीस ना?" दादांनी विचारलं.

* * *

खोपोलीच्या भंगारातून शाफ्ट आणून बसवला. तरी पुढची चाकं हलेनात!

या जुन्या जीपांना पुढच्या दोन्ही चाकांवर मध्यभागी एकेक खटका असतो. खाली उतरून तो हातानं 'लॉक'वर फिरवायचा, तरच चाकाला जोर मिळतो. नरेशनं एकच फिरवला होता, दुसरा विसरला. दादांनी कपाळाला हात लावला. "एकाच बाजूनं जीव लावून भागत नाय रं! दोनी बाजूंनी पायजे!"

बॉनेटवर ठेवलेल्या फोनमधून खळखळून हसू आलं. स्पीकर चालू होता आणि पलीकडे सुवर्णा होती! "दोनच चाकांवर येनार असाल तर बाईक घेऊन या," ती म्हणाली.

नरेश लाजून गाडीखाली गेला तो जेवायलाच बाहेर आला.

* * *

जेवणाचं निघालं म्हणून सांगते. दुसरा खटका जाम होता. आतलं ग्रीस जुन्या गुळासारखं घट्ट झालेलं. मी दुपारी भूक भूक करत डबा उघडला, तर वरच्या पुडात माझी भाजी आणि खालच्या पुडात, पोळ्यांच्या जागी, डिझेलमध्ये भिजत घातलेला खटका!

माझा पारा चढला. "नरेश, माझ्या पोळ्या कुठायत?"

"ताई, त्या रुमालात गुंडाळून ठेवल्यात. गरम हायत अजून!" वर म्हणतो कसा, "तुमच्या डब्याचं झाकन लय घट्ट बसतं."

खटका सुटला. डब्याचा वास मात्र आजही जात नाही.

* * *

आता परीक्षा घ्यायची तर चिखल हवा. आणि ऐन मे महिन्यात चिखल आणायचा कुठून? गॅरेजमागच्या वावरात पाइप सोडून आम्हीच केला. चहा प्यायला वळलो, तेवढ्यात शेजारची म्हैस येऊन त्यात ऐसपैस बसली! चिखल करण्यापेक्षा तिला उठवायलाच जास्त वेळ लागला.

पण मग जीप उतरली, दांडा बसला आणि चारही चाकांनी चिखल उडवला! नखशिखान्त माखले तरी मी टाळ्या पिटत होते. बबनदादांनी नरेशला एकच बजावलं, "कदी दांडा बसला नाय तर जोर करू नको. गाडी हातभर मागं घ्यायची. आतले दाते जुळतात, मग बसतो."

* * *

लग्नाच्या आदल्या दिवशी वळीव कोसळला. वाडीचा चढ नुसता रबरबाट! पायथ्याशी दोन्ही खटके फिरवून बबनदादा चालवायला बसले, शेजारी मुंडावळ्या बांधलेला नरेश, मागे मी आणि त्याची आत्या. अर्ध्या चढावर मागची चाकं जागीच फिरायला लागली. दादांनी दांडा ओढला. बसेना! वर मांडवात मुहूर्ताची घाई आणि नरेशचा चेहरा पांढराफटक.

"हातभर मागं घेतो," दादा म्हणाले.

"खबरदार!" आत्या कडाडली. "नवऱ्याची गाडी मागं जात नाय!"

"मग मी उतरून ढकलतो," नरेश रडवेला झाला.

"निगालेला नवरा मांडवाआदी भुईला पाय लावत नाय!"

दादांनी हात जोडले. आत्यानं जरा विचार केला आणि नरेशच्या पाठीत धपाटा घातला. "नऱ्या, सीटवर गुडगं टेक. माज्याकडं तोंड कर. हां! आता घे रं बबन मागं. नवरा पुडंच चाललाय!"

जीप हातभर मागे गेली. खट्! दांडा बसला! चारही चाकांनी चिखल धरला आणि जीप जी उसळली!

"आता फिर, फिर!" आत्या ओरडत होती. पण गचक्यांत नरेशनं सीट दोन्ही हातांनी कवटाळली होती, आणि थांबलो तर पुन्हा रुतू म्हणून दादा थांबायला तयार नव्हते.

मांडवाच्या दारात सुवर्णा मैत्रिणींना सारून पुढे आली, वाकून चाकं पाहिली आणि ओरडली, "अगं, चारी फिरत्यात! पन नवऱ्याचं तोंड कुठाय?"