अंगाऱ्याची पुडी

गेल्या वर्षी माझी भक्ती फार वाढली होती, असं आमच्या कारखान्यात सगळ्यांचं मत होतं. खरी गोष्ट वेगळी होती. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत मी शिफ्ट सुपरवायझर आहे. फाटकापाशी गणपतीचं छोटं देऊळ आहे. आधी देवाला हात जोडायचे, मग हजेरीच्या मशीनवर बोट ठेवायचं, ही आमची रीत. एका मोठ्या गिऱ्हाइकाने माल परत पाठवला, सगळ्यांदेखत माझी हजामत झाली, आणि त्यानंतर ते बोट ठेवायचं धाडस मला होईना. छातीत धडधडायचं, तळहात ओले व्हायचे. मग मी डोळे मिटून देवळापुढेच उभा राहायचो. आधी पाच मिनिटं, पुढे वीस. लोक माझ्यामागून पाय न वाजवता जायचे. देवाच्या आडोशाला लपलेला माणूस कुणाला ओळखू येणार?

कंपनीने ताणतणावावर व्याख्यान ठेवलं, तेव्हा उत्पादन अडू नये म्हणून कुणालाच तिकडे न पाठवता हजेरीपत्रकावर माझ्या हाताखालच्या पंधरा जणांच्या सह्या मीच ठोकल्या. सोळावी माझी. मी तिथे जाऊन बसलो, तर सुपरवायझरच कच खातो असं दिसेल, मग माणसं ऐकतील कशी? घरात कमावणारा मी एकटा, तरी एका मंगळवारी राजीनामा लिहून खिशात घातला. देवापुढे म्हणालो, "बाप्पा, आता झेपत नाही. राहू की जाऊ, काहीतरी खूण दे."

देऊळ झाडणाऱ्या मंजुळाबाई शेजारीच होत्या. सुरगाण्याकडच्या, मोजकं बोलणाऱ्या. झाडू थांबवून त्या म्हणाल्या, "साहेब, देवाला रोज एवढा येळ लागत नाय. तुमाला आत जायचं भ्या वाटतं ना?"

मी चक्क रडलो. चाळिशी उलटलेला माणूस, युनिफॉर्म घालून, फाटकात. त्यांनी काही खोदून विचारलं नाही. पिशवीतल्या एका कागदात चिमूटभर अंगारा बांधून दिला. "कपाळाला लावा, अन् आज घरी जा."

इंदिरानगरला घरी आल्यावर बायकोने पुडी सोडली. कागद सरकारी दवाखान्याचं पत्रक निघालं. झोप लागत नाही? कामावर जायची भीती वाटते? खाली मानसोपचार विभागाचा वार आणि वेळ. "अहो, हे तर तुमचंच लिहिलंय," ती म्हणाली. अंगारा माझ्या कपाळाला लावला आणि त्या वारी मला स्वतः घेऊन गेली.

उपचार काही महिने चालले. डॉक्टरांच्या सांगण्यावरून मॅनेजरना सगळं सांगितलं, त्यांनी कुरकुरत रजा दिली. राजीनामा फाडून टाकला. परतल्यावर मंजुळाबाईंना विचारलं, "तो कागद मुद्दाम दिलात?"

"कोणता कागद? मला कुठं वाचता येतं, साहेब?"

पुढे मी चौकशी केली नाही. त्यांच्या पाया पडलो, तर त्या संकोचून मागे सरकल्या. शरण जाणं म्हणजे डोळे मिटून उभं राहणं, असं मी समजत होतो. खरं तर मला "भीती वाटते" एवढंच कुणापुढे तरी म्हणायचं होतं. आता देवळापुढे माझं अर्धं मिनिटही जात नाही, आणि माझी भक्ती आटली असं लोक म्हणतात.

यंदा पुन्हा व्याख्यान होतं. मी आमच्या शिफ्टची सगळी यंत्रं बंद केली. सोळाही सह्या ज्याच्या त्याने केल्या.