दुपारी बारापर्यंतचं मौन

युरोपातल्या सरकारी माणसाला चिंता वाटते. ती साधी नसते, तिला पायऱ्या असतात. खाली नुसती चिंता, तिच्यावर तीव्र चिंता, मग गंभीर चिंता, आणि पार वर, जिथे हवा विरळ होते आणि गिर्यारोहक पाठीला नळकांडी बांधतात तिथे, ‘अत्यंत गंभीर चिंता’. एका परिच्छेदातल्या ‘तीव्र’चं ‘गंभीर’ करून घ्यायला मला इतका वेळ लागला की तेवढ्यात माझ्या लेकीचे दुधाचे दोन दात पडून नवे आले. खोटं वाटत असेल तर तिला विचारा. नाहीतर नकाच विचारू, ती नाही म्हणेल. सरळ इंग्रजीत म्हणेल.

मी न्यू जर्सीत, पार्सिपनीला, मुलांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत होते. युरोपातल्या सरकारी संस्थांशी बोलणं, त्यांना पत्रं लिहिणं, त्यांच्या कागदांत मुलांच्या बाजूचा एखादा शब्द घुसवणं, हे माझं खातं. खातं म्हणजे मी आणि एक प्रिंटर. नागपूरला कॉलेजात फ्रेंच शिकवत होते, लग्न करून इथे आले, डिपेंडंट व्हिसावर आठ वर्षं पोळ्या लाटल्या, आणि कामाची परवानगी हातात पडली तेव्हा फ्रेंच येणारी आणि कमी पगारात खूश राहणारी बाई त्यांना हवीच होती. आमचं ‘जागतिक मुख्यालय’ एका दंतवैद्याच्या डोक्यावर होतं. मी ब्रसेल्सशी बोलायला लागले की खाली कुणाची तरी दाढ कोरायला घेत. तिकडची एक सचिव मला तीन वर्षं विचारत होती, तुमच्याकडचं रस्त्याचं काम कधी संपणार?

आमची डायरेक्टर इथेच जन्मलेली, आईवडील ठाण्याचे. मंडळाच्या गणपतीत फ्रॉक घालून आरतीला झोपणारी ही मुलगी मी पाहिलेली. त्यामुळे मी तिची ‘काकू’. ऑफिसातही काकू, आणि वीस देशांचे लोक बसलेल्या व्हिडिओ मीटिंगमध्येही काकू. परिणामी युरोपातल्या निम्म्या मंत्रालयांना काकू हे माझं आडनाव वाटे. ‘माननीय मादाम काकू’ अशी मला पत्रं यायची, शिक्क्यानिशी. मी कधी दुरुस्त केलं नाही. एवढा मान सासरी मिळाला नव्हता.

डायरेक्टरचा एक धर्म होता: थँक्यू. आलेल्या प्रत्येक मेलला तासाभरात उत्तर, आणि उत्तरात आभार. कुणी आमची मागणी फेटाळली तरी आभार. ‘काकू, ग्रॅटिट्यूड इज आवर ब्रँड,’ ती म्हणायची. मी मनात नाक मुरडायचे आणि आभार मानायचे. इतकी वर्षं मानले की शेवटी बोटं आपोआपच चालायला लागली. मेल आला की आभार गेलेच.

आता ती मुलगी. पश्चिम आफ्रिकेतून एकटी निघालेली, युरोपातल्या एका विमानतळावर उतरली तेव्हा चौदा वर्षांची. जन्माचा दाखला होता, पण तो पाण्यात भिजलेला. म्हणून तिथल्या अधिकाऱ्यांनी तिच्या मनगटाचा एक्स-रे काढला आणि हाड बघून ठरवलं, अठरा पूर्ण. हात बघून वय सांगणारे आमच्याकडेही फुटपाथवर बसतात, पण ते निदान माणसाशी चार शब्द बोलतात. एकदा अठराची ठरल्यावर तिला विमानतळाजवळच्या बंद केंद्रात मोठ्या बायकांबरोबर ठेवलं. शाळा नाही, बाहेर जाणं नाही. तिच्या वकीलबाई आमच्या ओळखीच्या. त्यांनी मला व्हिडिओवर तिच्याशी बोलायला दिलं, फ्रेंचमध्ये. पहिल्याच वाक्यात ती मला ‘तांती’ म्हणाली. तिच्याकडे मोठ्या बाईला तसं म्हणतात, म्हणजे मावशीच. मी मंत्रालयांची मादाम, आणि या पोरीची एका सेकंदात मावशी.

‘तांती, त्यांना सांगा ना, मी आठवीत आहे,’ ती म्हणाली. ‘मोठं माणूस आठवीत कसं असेल?’

युरोपातल्या कुठल्याही तज्ज्ञाने यापेक्षा शहाणा मुद्दा मांडलेला मी तरी ऐकला नव्हता.

त्याच सुमारास तिथल्या देशांची एक समिती शिफारशींचा मसुदा तयार करत होती, आणि चौथ्या परिच्छेदात मी वर्षभर घासून एक वाक्य बसवलं होतं: वयाबद्दल शंका असेल तर मूलच समजावं आणि तत्काळ मुलांच्या वसतिगृहात हलवावं. वकीलबाई म्हणाल्या, ‘हे मंजूर झालं की सोमवारी मी न्यायाधीशांसमोर ठेवते. त्या आठवड्यात मुलगी बाहेर.’

मंजुरीची त्यांची तऱ्हा ऐका. मसुदा सगळ्या देशांच्या प्रतिनिधींना पाठवायचा आणि एक वेळ द्यायची. त्या वेळेपर्यंत कुणीही काही बोललं नाही की मसुदा मंजूर. याला ते मौन म्हणतात. ‘मौन शुक्रवारी दुपारी बारापर्यंत चालू आहे,’ असं गंभीरपणे लिहितात. कुणी प्रश्न जरी विचारला तरी मौन मोडलं, आणि कागद पुन्हा पहिल्यापासून. आमच्यासारख्या संस्थांना प्रत फक्त माहितीसाठी. जगातल्या सगळ्यात सुशिक्षित लोकांनी कामाची अशी पद्धत शोधली की जी झोपलेल्या माणसालाही जमावी! मी तिच्यावर इतके विनोद केले होते की नवरा म्हणाला, ‘अगं, आपल्याकडे हीच पद्धत आहे. मी बोललो नाही की सोफा येतो.’

मंगळवारी मसुदा निघाला. बुधवारी कुणी बोललं नाही. गुरुवारी कुणी बोललं नाही. एवढी शांतता मी आमच्या घरात सगळे बाहेर असतानाही ऐकलेली नाही. गुरुवारी मुलीचा वकीलबाईंमार्फत निरोप आला: बारा वाजले की मला कळवाल ना?

मार्च होता. शुक्रवारी मी पाचला उठले. ब्रसेल्स आपल्यापुढे सहा तास. हे गणित मी झोपेतही करते, करते म्हणजे मिरवते. मंडळात कुणी ‘युरोपात आत्ता किती वाजले असतील’ म्हटलं की घड्याळ न बघता सांगणारी मीच. म्हणजे त्यांचे बारा आपले सहा. सहा वाजेपर्यंत मी इनबॉक्सकडे अशी बघत बसले की दूध दोनदा उतू गेलं आणि तिसऱ्यांदा लाजून स्वतःच थांबलं. सहा वाजून पाच मिनिटं झाली. एकही मेल नाही. मंजूर!

आणि माझी बोटं चालली. ‘आदरणीय सहकारीहो, या ऐतिहासिक क्षणी आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. विशेषतः चौथ्या परिच्छेदासाठी.’ वर एक छोटा विनोदही टाकला, मौनाला इतकं सुंदर बोलताना आम्ही कधी ऐकलं नव्हतं वगैरे. सगळ्यांना उत्तर. पाठवलं.

नवरा डोळे चोळत खाली आला.

‘आज कॉल नाही का तुझा जर्मनीचा?’ मी विचारलं. शुक्रवारी सहाला त्यांच्या टीमचा कॉल असतो.

‘सातला आहे.’

‘का?’

‘आपली घड्याळं उन्हाळ्यासाठी तासभर पुढे गेली ना रविवारी. त्यांची अजून जायचीत. दरवर्षी मार्चमध्ये दोन-तीन आठवडे हा घोळ असतो, पाचच तासांचा फरक राहतो.’ तो चहा ओतत म्हणाला. मग त्याने माझं तोंड पाहिलं. ‘काय झालं गं?’

तिकडे अकरा वाजून काही मिनिटं झाली होती. मौन अजून चालू होतं, आणि त्याच्या मधोमध मी ढोल वाजवला होता.

‘रिकॉल कर, रिकॉल,’ नवरा म्हणाला.

‘बाहेरचे मेल परत येत नाहीत रे!’

‘मग गप्प बस. कोण वाचतंय सकाळी.’

त्याचंही बरोबर होतं. आमच्या बोलण्याला तसा काही अर्थ नव्हता, आम्ही फक्त माहितीसाठी. पण तिथे अकरा वाजून एकतीस मिनिटांनी एका शिष्टमंडळाच्या साहेबांचा मेल आला. चौथ्या परिच्छेदातल्या ‘तत्काळ’ या शब्दाबद्दल त्यांना खुलासा हवा होता. चार मिनिटांनी समितीच्या कचेरीचा: मौन मोडलं आहे, सुधारित मसुदा यथावकाश पाठवण्यात येईल. यथावकाश! या एका शब्दात युरोपात माणसं रिटायर होतात.

मी साहेबांना फोन लावला. खाली दंतवैद्य नव्हता, कारण मी घरीच होते, स्वयंपाकघरात, झब्ब्यात. पण आवाज मादामचा लावला.

‘आपला या वाक्याला विरोध आहे का?’

‘अजिबात नाही, मादाम काकू. उलट फार चांगलं वाक्य आहे.’

‘मग प्रश्न का विचारलात?’

‘मी काल संध्याकाळपर्यंत रजेवर होतो. सकाळी इतके कागद होते की हा मी उघडणारच नव्हतो. पण आपलं पत्र आलं, त्यात चौथ्या परिच्छेदाचा खास उल्लेख होता, म्हणून वाचला. आपण लक्ष वेधल्याबद्दल आभारी आहे.’

आभारी आहे! मी तो शब्द आयुष्यात इतक्या वेळा वापरला, पण इतका नेम धरून कुणी मला परत मारला नव्हता.

‘प्रश्न मागे घ्या मग,’ मी म्हटलं.

‘मागे घेण्याची पद्धत नाही, मादाम. मोडण्याची आहे.’

डायरेक्टरने साडेआठला फोन केला. मला वाटलं, आता हाकलणार. खरं सांगते, हाकललं असतं तर मला तिच्याबद्दल आदरच वाटला असता.

‘काकू, डोन्ट बीट युअरसेल्फ अप, प्लीज. तुमचा टोन इतका वॉर्म होता! आय वॉज सो प्राउड.’

‘अगं, मुलगी अजून आत आहे.’

‘आय नो. तिला पण एक थँक्यू नोट पाठवू या का? फॉर हर पेशन्स?’

मी फोन ठेवला. जोरात ठेवता येत नाही हल्लीचा फोन, नुसतं बोट लावायचं. त्यातली मजाच गेली.

वकीलबाईंनी दुपारी मुलीला व्हिडिओवर आणलं. तोपर्यंत माझ्याकडे एक झकास खोटं तयार होतं. एका देशाने अडवलं, मोठं राजकारण झालं, मी एकटी किल्ला लढवला. मला खोटं बोलताना घाम येत नाही, माझी ख्यातीच आहे. मी सुरुवातही केली.

‘कोण नको म्हणालं, तांती?’ तिने मध्येच विचारलं.

आणि मला त्या देशाचं नाव घेता येईना, कारण ती ते लक्षात ठेवणार होती.

‘कुणीच नको म्हणालं नाही,’ मी म्हटलं. ‘सगळे गप्प होते. मीच बोलले. मी घड्याळ चुकले.’

तिच्या मागे कुणीतरी बाई रडत होती की भांडत होती, कळेना.

‘इथे भिंतीवर घड्याळ आहे,’ ती म्हणाली. ‘मी बारापर्यंत बघत होते. मला विचारायचं होतंत.’

माझ्यावर एवढ्या वर्षांत डायरेक्टरांनी, मंत्र्यांनी, सासूबाईंनी शेरे मारले. त्यातला एकही इतका रास्त नव्हता.

दुसरा मसुदा साडेचार आठवड्यांनी आला. ‘तत्काळ’च्या जागी ‘अनावश्यक विलंब न करता’. आवश्यक विलंब कुठला, ते त्यांनी आपल्याकडेच ठेवलं. यावेळी मी लॅपटॉप नवऱ्याच्या हवाली केला, फोन गाडीत ठेवला आणि गराजमधला बर्फ काढायचा फावडा चकचकीत घासून ठेवला. एप्रिलमध्ये. कुणी बोललं नाही. मंजूर झालं. न्यायाधीशांनी ‘अनावश्यक’वर आणखी आठ दिवस विचार केला आणि मुलीला शहरातल्या मुलींच्या वसतिगृहात हलवलं. जे एका आठवड्यात व्हायचं, त्याला सहा आठवडे लागले. आमच्या वार्षिक अहवालात याचा उल्लेख ‘उल्लेखनीय विजय’ असा आहे. ते वाक्य माझं आहे. पगार त्याचाच मिळायचा.

मे महिन्यात डायरेक्टरला नवी कल्पना सुचली. देणगीदारांसाठी ऑनलाइन कार्यक्रम: मुलगी स्वतः आपली कहाणी सांगेल, तीन मिनिटं, हसतमुख. आमच्या वेळेप्रमाणे सकाळी आठ. मी वकीलबाईंना विचारलं, आणि वेळ लिहिताना त्यांच्या शहरातलं घड्याळ तीनदा तपासलं: दुपारी दोन, बुधवार.

दुसऱ्या दिवशी मुलीचं उत्तर आलं, तिने स्वतः टाइप केलेलं. ‘तांती, बुधवारी दोन वाजता मला गणिताचा तास आहे.’

मी ते डायरेक्टरला दाखवलं. तिने दोनदा वाचलं.

‘ऑ, सो स्वीट. पण काकू, तास मागेपुढे करता येईल का? आपण शाळेला लिहू या?’

‘नाही,’ मी म्हटलं.

‘जस्ट वन लेटर. व्हेरी वॉर्म.’

‘नाही म्हटलं ना, बाळा.’

खाली कुणाची तरी दाढ कोरायला घेतली होती. बुधवारी कार्यक्रम झाला. तीन मिनिटं रिकामी राहिली म्हणून डायरेक्टरने स्वतःच सगळ्यांचे आभार मानले, आणि तिकडे ती पोरगी वर्गात बसून गणित करत होती.